थप्पी मोड

३ मार्च
ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.
मालकांनी गिऱ्हाइकांना वाटायला ‘जगाच्या ताटातल्या गमती’ अशी पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि लिहिण्याचं काम गोदामप्रमुखाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात मारलंय. तेरा गमती सोबत आहेत. काजूगर फळाच्या आत नसून बाहेर लटकतो. मिरची पक्ष्यांना झोंबत नाही. व्हॅनिलाचं फूल एकच दिवस उमलतं. केशराच्या फुलात चार काड्या असतात. तपासून दे. लाल पेन्सिल जरा हलक्या हाताने चालव, मीही आता पन्नाशीचा झालोय.
चौदावी अर्धवट आहे: पिस्त्याच्या पोत्यांची थप्पी आपोआप तापते म्हणतात, खरं का? घाई नाही.
कळावे. तुझा लोभ ओरड्यासकट चालेल.
धांदल्या

६ मार्च
चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.
केशराच्या काड्या तीन. चौथी तू कुठून आणलीस?
तेरा गमती ठणकावून लिहिल्यास आणि चौदावीलाच प्रश्नचिन्ह. वर ‘घाई नाही’! हे शब्द तू जन्मात लिहिले नव्हतेस. लहानपणी काच फोडून आलास की असंच इकडतिकडचं बोलून शेवटी विचारायचास, काच परत जोडता येते का. तेव्हा सरळ सांग, कुणाची थप्पी तापलीय?
होय, तापते. पिस्त्यात तेल भरपूर. ओल लागली की ढीग पोटात ऊब धरतो, कधी पेटतोही. माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत जवसाच्या तेलाची चिंधी कपाटात धुमसली होती, आठवतं? शिवाय बंद जागेतला प्राणवायू असा ढीग खाऊन टाकतो. आत गेलेला माणूस तिथेच कोसळतो. उलट टपाली उत्तर हवं.
माया आहे म्हणूनच रागावते.
अक्का

९ मार्च
ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.
आमचीच. पत्रा गळला होता. मधल्या पोत्यात हात घातला तर चहाच्या कपासारखं गरम. मालक म्हणाले, उन्हाने पत्रा तापलाय आणि तुझं डोकंही. शनिवारी मोठं गिऱ्हाईक माल बघायला येणार आहे. तोवर रचलेल्या थप्पीला हात लावलास तर कायमचा घरी बस. फोन त्यांच्याच टेबलावर असतो, म्हणून हे पत्र.
आमचा मुकादम दोन दिवस सांगतोय की आत शिरलं की गरगरतं. मी त्याला बायकोच्या स्वयंपाकावरून चिडवत होतो. तुझं पत्र वाचल्यापासून त्याला आत जाऊ देत नाही. उद्या मालकांशी पुन्हा बोलून बघतो.
आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्तच.
धांदल्या

११ मार्च
चि. धांदल्यास,
आशीर्वाद.
तार केली आहे: थप्पी मोड. तारबाबूने विचारलं, मजकूर सांकेतिक आहे का. म्हटलं नाही, भाऊ मठ्ठ आहे.
बोलून बघू नकोस. आधी बंबवाल्यांना बोलाव. मग सगळी दारं सताड उघड. ते म्हणतील तेव्हाच माणसं आत जातील, आणि त्यात पहिला तू नसशील. मालकाने घरी बसवलं तर माझ्या घरी बस. वरची खोली रिकामीच आहे.
अक्का

१३ मार्च
ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.
तार मिळाली तसा मालकांना न विचारता बंब बोलावला. मधली पोती ओढल्याबरोबर धूर आला. आतल्या पोत्यांचा ताग कोळसा झाला होता, पिस्ते काळे ठिक्कर. पहिलं पोतं मीच ओढणार होतो. बंबवाल्याने मागे खेचलं, तेव्हा तुझं ओरडणंच कानात होतं.
मुकादम ठणठणीत आहे. बायकोला सगळं सांगून मला जेवायला बोलावलंय, म्हणजे सूड घेणार. मालकांनी किल्ल्या काढून घेतल्या आणि चौदावी गमत पुस्तिकेतून गाळायला सांगितली. पण ती सकाळीच छापायला गेली होती. प्रश्नचिन्ह मी काढून टाकलं होतं.
रविवारी येतोय. खोलीबद्दल म्हणालीस ते खरं ना?
धांदल्या

१५ मार्च
चि. धांदल्यास,
अनेक आशीर्वाद.
खोली झाडली. पत्र तपासायला घेतलं. तीन चुका आहेत. दोनच दाखवल्या. लाल खुणा वाकड्यातिकड्या यायला लागल्या, म्हणून पेन्सिल ठेवून दिली.
तिसरी तू आलास की सांगेन.
अक्का