भिंतीवरची चादर

माय,

इंग्लंडातून तुह्या नागसेनचा जयभीम.

माही तब्येत ठणठणीत आहे. दवाखान्यातली नर्सची ड्यूटीही आता जमून राहिली. आपला धाकटा अनुप तुह्या गुडघ्याले तेल लावून देते का? हे पत्र मात्र त्याच्याजवळून वाचून घेऊ नको. तूच हळूहळू वाच.

काल संगच्या नर्सायनं मले एका खेड्यातल्या पबात नेलं. पब म्हणजे गुत्ताच, पण घाबरू नको, मी चहा पेलो. इमारत चारशे वर्षांची आहे. छपरावर गवत, अन् दार इतकं ठेंगणं का माहं डोकं आदळलं. आतल्या भिंतीत एका जागी काच बसवली, वरून बल्ब लावला. काचेमागं काय असंल? काड्यायचा कुड, अन् त्याच्यावर शेणमाती! लिंपणाऱ्याची बोटं उमटलेली, तुही उमटतात तशी. लोक वाकून वाकून पायतात.

मालकीणबाईनं मले इचारलं, "तुमच्याकडे असं असते का?"

मी म्हणलं, "नाही."

माय, अमरावतीचे कॉलेजातले दोस्त आपल्या घरी जेवाले आले होते, तवा आपल्या कुडाची माती झडून कपाशीच्या पऱ्हाट्या उघड्या पडल्या होत्या. मी त्याच्यावर चादर ठोकली. तू हासून म्हणली, "भिंतीले थंडी वाजून राहिली का रे?" मी आणखी एक खिळा ठोकला.

ती चादर आता काढून टाक. अनुपले भिंतीचा फोटो काढाले सांग, अन् तू जोडीले उभी राय. मी तो मालकीणबाईले दाखवीन.

भिंतीले थंडी नव्हती वाजत, माय. मले तुही लाज वाटत होती.

तुहा,
नागसेन