पुढच्या आठवड्यावर टाकलेलं काम

तीर्थरूप आईस,

इथूनच वाकून नमस्कार करते. मी बरी आहे, जेवते वेळेवर. बाबांचा चष्मा सापडला का?

फोनवर तू म्हणालीस, आवाज बसलाय. सर्दी नव्हती गं. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, त्यातून रुग्णांची माहिती चोरीला गेली. चूक माझीच. पासवर्ड मी कोडमध्येच लिहून ठेवला होता. आमचं काम तपासणारी टेस्टर दोनदा म्हणाली, "आधी हा काढ बाई." मी म्हटलं, "बघू पुढच्या आठवड्यात." तो आठवडा काही उजाडला नाही.

चूक कशी पकडली नाहीस म्हणून साहेबांनी तिलाच फैलावर घेतलं आणि मी मान खाली घालून बसले. अर्ध्या दिवसाने उठून खरं सांगितलं. पासवर्ड बदलले, चोरवाट बंद केली. मग ज्यांची माहिती गेली त्यांना कळवायचं होतं. ते फोन करायचं काम मी मागून घेतलं.

बहुतेक जण चिडले, ते सोसलं. एक बाई मात्र हळूच म्हणाल्या, "माझ्या आजाराचं घरी कोणालाच माहीत नाही. आता मुलीला माझ्याआधी दुसरंच कोणी सांगेल का?" "आजच सांगून टाका," एवढंच मी म्हणाले.

नोकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस. टेस्टर माझ्याशी कामापुरतंच बोलते, तेही बरोबरच आहे.

दादा म्हणाला, तू परवा डॉक्टरांकडे जाऊन आलीस. तू काहीच बोलली नाहीस. काय असेल ते मला तूच लिही ना.

तुझी,
धाकटी