मनगटाची खबर

ट्युनिशिया

आई, तुह्या अन् बाबाच्या पाया पडते.

फोनवर तू रडते, मंग मलेबी रडू येते, म्हणून लिहून राहिली.

ऑपरेशननंतरची पहिली मॅच आज झाली. मी हारली. पण पूर्ण तीन सेट खेळली अन् मनगट एकदाबी दुखलं नाई! भिलाईच्या कोर्टावर मारत होती, तशीच सर्व्हिस बसली. बाबाले सांगजो.

त्याहीचा खोकला कसा आहे? प्लांटातून आल्यावर वाफ घेतात का? खरं सांगजो.

इथं जेवण बरं आहे, फक्त तुहा ठेचा नाई.

अन् ऐक. ऑपरेशन झालं तवापासून इथं निघेपर्यंत माही वेणी तूच घालत होती. आज मॅचच्या आधी मीच घातली. जराशी वाकडी झाली, पण शेवटपर्यंत सुटली नाई.

तुही,
दामिनी