खाली कर

आप्पा, तुमचं रिव्हॉल्व्हर आता माझ्या नावावर आहे आणि मला ते धड साफ करता येत नाही. निवडणुकीपुरतं पोलिसांत जमा केलेलं काल अंबडहून घरी आणलं. जमा करण्याआधी नळी कोरडी पुसायची मीच विसरलो होतो, म्हणून आत गंज धरलाय. सकाळपासून तीनदा ब्रश फिरवला, तेल लावलं, तुमच्या जुन्या धोतराची चिंधी सळईला गुंडाळून आरपार काढली. दर वेळी काळीच निघते. तुम्ही म्हणाला असता, "हाताला घाई हाय तुह्या." घाई नाही, आप्पा. तुम्ही शिकवणं अर्ध्यात सोडलंत, याचा राग आहे.

मी तेव्हा जालन्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलेलो. तुम्ही फौजेतून येऊन वडीगोद्रीजवळच्या कापसाच्या जिनिंगवर राखणदार झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात पोतं अंथरून तुम्ही पहिल्यांदाच हे रिव्हॉल्व्हर माझ्या हातात देता. आई चुलीपुढे भाकरी थापतेय. "माह्या तव्याला भोक पडलं तर दोघं बी जिनिंगवरच जेवा," ती मागं न बघता म्हणते. तुम्ही हसता. "आधी खाली कर. येतं ना? का कालेजात न्हाई शिकवत?" मी म्हणतो, "येतं." आणि नळी जमिनीकडे करतो. तुम्ही चिंध्या फाडण्यात गुंतलेले. "झालं खाली?" "झालं." मग ब्रश घ्यायला मी वळलो आणि माझ्याबरोबर नळीही वळली, थेट आईच्या पाठीकडे.

तुम्ही ते हिसकावलंत. गोळ्यांची चक्री उघडलीत, तर सहाच्या सहा गोळ्या तळहातावर पडल्या. मारलं नाहीत. मीच आधी बोललो, "खाली म्हणजे जमिनीकडं, असं वाटलं मला. रिकामं कर म्हणायचं ना." तुम्ही गोळ्या रुमालात बांधता बांधता म्हणालात, "आता मराठी बी तूच शिकव." त्यानंतर त्याला मला कधी हात लावू दिला नाहीत. पाठ करून एकटेच साफ करायचात. तुम्ही गेल्यावर वारस म्हणून ते माझ्याकडे आलं, शिकवणी नाही आली.

चूक शब्दाची होती, असं मी डायरीत किती वेळा लिहून ठेवलंय. आईनंही तेच धरलं. आज गंजाचं बघून ती आतून म्हणाली, "त्यांनी तव्हा सरळ रिकामं कर म्हणलं असतं तर तू बराबर शिकला असता. हेकट माणूस." मी ब्रश फिरवत राहिलो. तेवढ्यात बायकोनं दारातून विचारलं, "खाली हाय ना ते?" मी चक्री उघडून तिला दाखवली. क्षणभरही जमिनीकडे बघितलं नाही.

आपल्या घरात घागर रिकामी नसायची, खाली असायची, पोतं खाली असायचं, तीर्थपुरीची एसटी खाली यायची. मला शब्द कळला होता, आप्पा. चक्री कशी उघडायची ते येत नव्हतं, आणि "येतं" म्हणून बसलो होतो.

हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचणार नाही. वाचून दाखवायचं तर आईलाच, आणि ती दहा पावलांवर बसलीय. मी आता कागद घडी करून ठेवतो आणि चौथी चिंधी फाडतो.