नाजूक, आडवं करू नये

सोमवार
शुद्धलेखन चुकेल, माफी. टायपिंगही एका बोटाने, स्लो. माफी कोणाकडे मागतोय, वाचणार तर मीच.

आमच्या यार्डातून विजेची अवजड पॅनल ट्रकने जातात. लोखंडी, कपाटापेक्षा मोठी. फोरमन प्रत्येकाचा वर्ग ठरवतो: 'उभंच न्यायचं' की 'आडवं चालेल'. मग लाकडी खोक्यावर ब्रशने तसं लिहायचं. तो ब्रश मला हवाय. सध्या मी खिळे ठोकतो.

आज फोरमनने मला विचारलं, हे कुठल्या वर्गातलं. मी बरोबर सांगितलं, फक्त आवाज बाहेर आला नाही. तर सगळ्यांसमोर म्हणाला, याच्यावरच स्टिकर लावा रे, नाजूक, आडवं करू नये. क्रेनवाला हसून हसून खाली बसला. आता सगळे मला नाजूक म्हणतात. कॅन्टीनवाला पण.

सोडणार नाही.

मंगळवार, दुपार
फोरमन सापडला. नव्या पॅनलच्या खोक्यावर त्याने 'आडवं चालेल' लिहिलंय. ड्रॉइंगवर स्पष्ट 'उभंच' आहे. सांगायला गेलो होतो. म्हणाला, बोल नाजूक. परत आलो. आता भोग म्हणावं.

बुधवार
स्टोअरमधून टिल्ट स्टिकर घेतलं. माल आडवा झाला की त्याची खिडकी लाल होते, परत पांढरी होत नाही. खोक्याच्या आत लावणार. शुक्रवारी लोडिंगला मोठे साहेब येतील, खोकं ट्रकवर आडवं झालं की त्यांच्यासमोर फळी काढणार. फोरमन खलास, ब्रश माझा.

स्टिकरची पट्टी घरीच ओढून ते चालू केलं. तयारी आधीच हवी. चोरीला जाऊ नये म्हणून उशीखाली ठेवतोय.

गुरुवार
खिशात घालून सायकलवरून नेलं. शेवटची फळी मलाच ठोकायची होती, तेव्हा आत चिकटवलं. अंधारात दिसलं नाही नीट. बघायचंय काय त्यात.

शुक्रवार
फोरमनने सकाळीच 'आडवं' खोडून 'उभं' लिहिलं होतं. म्हणे मंगळवारी चष्मा घरी राहिला. मी डगमगलो नाही. साहेब आल्यावर फळी काढली. लाल.

साहेबांनी विचारलं, हे कोणी लावलं. मी म्हणालो, मी. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने.

क्रेनवाला म्हणाला, पॅनल आलं तसं उभंच आहे, तसूभर हललं नाही. मग साहेबांनी विचारलं, स्टिकर आणलंस कसं. खिशात. आणि त्याआधी? उशीखाली. हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

पण नियम म्हणजे नियम, लाल म्हणजे लाल. ट्रक रिकामा परत. पॅनल पूर्ण उघडून तपासायचं. मी ठोकलेले सगळे खिळे मीच काढायचे. ब्रशचं मी विचारलं नाही.

साहेब मला काढूनच टाकणार होते. फोरमन मध्ये पडला. म्हणाला, साहेब, पोरगं आहे, चूक माझी, मी शिकवलं नाही. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली.

आता याचा सूड कसा घ्यायचा, ते सुचत नाहीये.

घरी आमची मांजर माळ्यावर व्यायली. आईच्या हिवाळी स्वेटरमध्ये.