दुसऱ्या खुर्चीची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती (आता निवृत्त), राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार, आज रविवारी दुपारी चहा पिऊन, चष्मा पुसून, शुद्धीवर आणि ताळ्यावर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणीतरी असावे लागते, ते नाही. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या कागदाने रद्द समजावीत. ती बरीच आहेत. वकीलसाहेब दरवेळी विचारतात, "काका, घर तेच, मुलगा एकच. सारखं बदलता तरी काय?" त्याचे उत्तर कलम सहामध्ये दिले आहे. त्यांनी पाने उलटण्याची घाई करू नये.

ओळख पटावी म्हणून नमूद करतो की मला सगळे 'वरखाली' म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट वरखाली केल्या, आणि घर घेतले ते नेमके लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दिव्याखाली अंधार, दुसरे काय. आमची ही म्हणायची, "बरंच आहे. ज्याला खरंच यायचंय तोच वर येईल." तिचे म्हणणे खरे ठरले. कोणी येत नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूची गॅलरी, हे सर्व स्वकष्टार्जित असून माझ्या पश्चात माझ्या मुलाला मिळावे. मुलगा फार दूर राहतो. फोन करतो. "बाबा, बरे ना?" "बरा." "औषधं घेता ना?" "घेतो." मग तिकडे कोणीतरी त्याला हाक मारते. तो वाईट नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कोणी त्याला बोल लावू नये. दर वाढदिवसाला न चुकता क्यूबाच्या सिगारींचा खोका पाठवतो, भारीतल्या भारी. पहिला आला तेव्हा मी इमारतभर दाखवत फिरलो. दुसरा आला तेव्हा लक्षात आले, की माणूस यायच्या ऐवजी खोका येतो आहे. घर विकण्यापूर्वी त्याने एक अख्खी दुपार गॅलरीत बसावे, एवढी एकच अट. फोन आत ठेवून.

कलम २. बँकेतली शिल्लक. हीसुद्धा मुलाला, पण त्याआधी जिन्याचा कठडा दुरुस्त करून घ्यावा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो हलतो. इमारतीच्या कमिटीला सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले. पालथ्या घड्यावर पाणी. वर येणाऱ्यांसाठी म्हणून म्हणतो, जे कोणी येतील ते.

कलम ३. हत्यारे. पाने, पेचकस, विजेरी, गुडघ्याखाली घ्यायची गादी आणि लिफ्टचे दार बाहेरून उघडायची चावी, हे सर्व माझ्या जुन्या जोडीदाराला द्यावे. त्याला आम्ही 'मुका' म्हणायचो, कारण त्याचे तोंड कधी बंद नसे. आमच्या धंद्यात तोच गुण. लिफ्ट अडकली की आत माणूस घाबरतो. दार उघडेपर्यंत त्याच्याशी बोलत राहावे लागते. मी जमिनीवर पालथा पडून फटीतून बोलायचो, काय वाटेल ते. कुठले गाव, मुले किती, सकाळी काय खाल्ले. आणि माणसे बोलायची! आईशी अबोला धरल्याचे, लग्न मोडल्याचे, काय काय त्या फटीतून मी ऐकले आहे. दार उघडले की तीच माणसे शर्ट नीट करून, माझ्याकडे न बघता निघून जायची. मला त्याचा राग नाही. पण इतक्या लोकांशी इतके बोलणारा मी, आणि काल दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले एकमेव वाक्य होते, "सुट्टे नाहीत."

कलम ४. मुख्य मालमत्ता, म्हणजे सिगारी. कपाटातल्या खालच्या फळीवर लाकडी पेटी आहे. आत वाटीत ओला स्पंज ठेवलेला असतो, नाहीतर सिगारीचे पान वाळून फुटते. ज्याच्या हाती ही पेटी येईल त्याने स्पंजाकडे लक्ष द्यावे.

सिगारीचा नाद कसा लागला ते सांगतो. एका हॉटेलात दोन मजल्यांच्या मधे एक म्हातारे गृहस्थ अडकले होते. आतून ते फक्त, "तुम्ही जाऊ नका हं," एवढेच म्हणत होते. बाहेर आल्यावर ते इतरांसारखे निघून गेले नाहीत. चांगला सूट घालून माझ्याशेजारी पायरीवर बसले, खिशातून दोन सिगारी काढल्या. मी बिडीसारखा झुरका मारला आणि खोकून खोकून लाल झालो. ते हसले नाहीत. म्हणाले, "घाई कशाला करता? ही क्यूबाची आहे, कोणीतरी हाताने वळलीय. तिला वेळ द्या. आणि एकट्यानं ओढू नका कधी, कडू लागते."

त्यांनी शिकवले ते असे. टोपी, म्हणजे तोंडात धरायचे बंद टोक, नखाएवढीच कापायची. काडी पेटवून गंधक आधी जळू द्यायचे. मग दुसरे टोक ज्योतीच्या जरा वर धरून, फिरवत फिरवत शेकायचे. धूर गिळायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. राख झटकायची नाही, तिला वाटेल तेव्हा ती पडते. शेवटी चिरडून विझवायची तर मुळीच नाही. बशीत ठेवून द्यायची, आपली आपण विझते. ओढणाऱ्याचे लक्ष उडाले तर मध्येच विझते, आणि विझलेली पुन्हा पेटवली की पहिली चव येत नाही.

त्यानंतर रविवारची दुपार सिगारीची झाली. गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या. टोपी कापण्याचे काम हिचे, भरतकामाच्या कात्रीने, कारण माझा हात जड. ती ओढायची नाही, नाकाला पदर लावायची, पण उठायची नाही. आमचा नियम होता, पहिली राख पडेपर्यंत घरातली रडगाणी काढायची नाहीत. त्या वेळात ती काहीबाही बोलायची, समोरच्या झाडावरचा कावळा, लहानपणीची मैत्रीण. राख पडली रे पडली की, "पडली. आता ऐका, गॅस संपत आलाय." मी मुद्दाम राख लांबवायचो. तिला ते माहीत होते.

ती गेल्यावर मी तसाच बसायला लागलो. टोपी स्वतः कापतो, वाकडी जाते. सिगार सारखी विझते, कारण माझे लक्ष दुसऱ्या खुर्चीकडे जाते. गृहस्थ खरे बोलले होते. कडू लागते. डॉक्टरही बंद करा म्हणतात. त्यांच्याशी घासाघीस करून रविवारची एक राखली आहे.

भरतकामाची कात्री कोणालाही देऊ नये. ती माझ्याबरोबर यावी.

कलम ५. माझे मेहुणे. यांना मी एकदा, एकदाच, सिगार दिली होती. त्यांनी चार झुरके मारले, "तंबाखूच की शेवटी," म्हणाले आणि अर्धी सिगार गॅलरीतल्या कुंडीत खुपसून विझवली. ही हळूच म्हणाली, "जाऊ द्या, माझा भाऊ आहे." मी जाऊ दिले नाही. आजतागायत नाही. ती कुंडी, मातीसकट, मी त्यांना देत आहे. झाड मेलेले आहे. घेऊन जाण्याचा खर्च त्यांचा.

कलम ६. वारंवार मृत्युपत्र करण्याचे कारण. आता ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मी सही करताना दोघांना समोर हजर असावे लागते, असा कायदाच आहे. ही गेल्यावर पहिले मृत्युपत्र केले तेव्हा खालचा सलूनवाला आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. चहा झाला. सलूनवाल्याने कोणाच्या तरी टकलाचा किस्सा सांगितला, आम्ही हसलो. बाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या होत्या. ती दोघे गेली तेव्हा मला समजले, की या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसले होते. नुसते "या, बसा" म्हटले तर माणसे "येऊ कधीतरी" म्हणतात. पण "सही करायची आहे" म्हटले की येतात. म्हणून पुढच्या वेळी हत्यारांचे कलम बदलले. त्यापुढे कुंडीचे. असे चालले आहे, वकीलसाहेब. मला माणसे हवी होती, आणि ती बोलवायची दुसरी रीत मला येत नव्हती.

कलम ७. हे कलम नवीन आहे, आणि याच्यासाठीच या वेळचे मृत्युपत्र खरे आहे.

चौथ्या मजल्यावरच्या बाई प्रसूतिगृहात परिचारिका होत्या, आता निवृत्त. एकट्याच असतात. माझ्या सिगारीचा धूर सरळ त्यांच्या गॅलरीत जातो आणि वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो. त्यावरून त्यांनी काय काय ऐकवले नाही! वरून कठड्यावर उलथने वाजवायच्या. "अहो वरखाली, कपडे काय मी धुराने धुवू?" मी म्हणायचो, "वारा माझ्या हातात नाही." कमिटीकडे लेखी तक्रारही झाली.

मग या पावसाळ्यात एका रविवारी मला ताप होता. सिगार पेटवली नाही, पडून होतो. संध्याकाळी दारावर थाप. बाई.

"आज वास नाही आला," म्हणाल्या.

"मग बरंच की. कपडे वाचले तुमचे."

"कपडे घाला चुलीत. आहात की नाही, बघायला आले."

उंबऱ्यातच उभ्या राहून त्यांनी माझे मनगट धरले, घड्याळात बघितले, "पाणी प्या भरपूर," म्हणाल्या आणि वर गेल्या. दार लावून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. रडलो, हे लिहायला हरकत नाही. मी आहे की नाही हे बघायला कोणीतरी जिना उतरून आले होते.

तरी सिगारींची पेटी, स्पंजाच्या वाटीसकट, आणि गॅलरीतली दुसरी वेताची खुर्ची या बाईंना मिळावी.

यात एक अडचण आहे. वकीलसाहेबांनी पहिल्याच वेळी सांगून ठेवले होते, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आजवर त्या साक्षीदार होत्या म्हणून मी त्यांच्या नावे चमचाही लिहिला नाही. आता लिहिले, म्हणजे त्यांना बोलावता येत नाही. देऊ तर बोलावता येत नाही, बोलावू तर देता येत नाही. आठवडाभर खल केला. शेवटी देण्याचे ठरवले. कारण मी गेल्यावर एखाद्या रविवारी वास येणार नाही, त्या खाली येतील, आणि दाराला कुलूप असेल. त्यांना कोणीतरी काहीतरी कळवले पाहिजे. त्यांच्या जागी औषधांच्या दुकानदाराला साक्षीला बोलावले आहे. आज दुसऱ्या खुर्चीत तो बसेल.

पुरवणी. सहीपूर्वी, साक्षीदारांसमक्ष लिहिलेली.

औषधांचा दुकानदार आला नाही. "तीन मजले कोण चढणार, काका? कागद खाली आणा," म्हणाला. सलूनवाल्याने आपल्या डोक्याने वर जाऊन बाईंना हाक मारली. "दरवेळी त्याच असतात, म्हणून बोलावलं. चुकलं का?" मी काही बोलायच्या आत बाई दुसऱ्या खुर्चीत बसून चष्मा लावून वाचायलाही लागल्या होत्या. त्या न वाचता कशावर सही करत नाहीत. कुंडीपर्यंत हसत होत्या. कलम सहाला हसू थांबले. कलम सात त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे मला साक्षीदारातून काढून टाकलंत?"

"तसा कायदा आहे, बाई."

"तुम्ही मेल्यावर मी ही पेटी घेऊन एकटी वर बसू? अक्कल आहे का काही? खोडा ते."

"मग पेटीचं काय?"

"आणा इकडे. आत्ता."

सबब कलम सातमधील 'तरी सिगारींची' पासून 'मिळावी' पर्यंतचा मजकूर मी राजीखुशीने खोडला आहे. खुर्ची आहे तिथेच राहील. पेटी उघडली. टोपी बाईंनी भरतकामाच्या कात्रीने कापली, सरळ. सलूनवाल्याने काडी धरली. एकच सिगार तिघांत फिरते आहे. हे लिहीत असताना पहिली राख अजून पडलेली नाही.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: वरखाली

स्थळ: तिसरा मजला, गॅलरी
दिनांक: चौदा ऑक्टोबर, रविवार

साक्षीदार १: सलूनवाला, तळमजला. काकांनी आमच्यासमोर सही केली. सही नेहमीसारखीच वाकडी आहे. दाढी मात्र वाढली आहे. उद्या वस्तरा घेऊन मीच वर येतो.

साक्षीदार २: परिचारिका (निवृत्त), चौथा मजला. सगळे वाचून सही केली आहे. मृत्युपत्र करणारे शुद्धीवर आहेत, नाडी ठीक. सिगार अत्यंत घाण लागते आणि छातीला वाईट. पुन्हा मृत्युपत्र करू नये, कागद वाया जातो. पुढच्या रविवारी येईन. सिगार नसली तरी.