पेटीचं नाक

प्रिय मैत्री,

सप्रेम जय भीम. पत्र बघून दचकू नकोस. आईची आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. डोंगरावर रेंज नीट येत नाही हे एक कारण, आणि फोनवर माझा आवाज चढतो हे दुसरं, म्हणून लिहायला बसलोय. समाधानरावांना आणि तुझ्या सासूबाईंना आमचा जय भीम सांग. चऱ्होलीत तुमच्या मागच्या इमारतीचं काम अजून चालूच आहे, धुळीनं तुला खोकला होतो, असं आई म्हणत होती. काळजी घे.

इकडे पाऊस सरला. यंदा मावळात असा आडवा पाऊस झाला की खोलीच्या पत्र्याखालूनसुद्धा पाणी आत यायचं. कपडे वाळले नाहीत, मिठाची बरणी दोनदा उपसली, पण सोलरचे दिवे एकदाही गेले नाहीत. विजेचे खांब अजून खालच्या वस्तीपाशीच थांबलेत. त्यामुळे संध्याकाळी सगळ्या उतारावर उजेड दोनच ठिकाणी असायचा, आपल्या खोलीत आणि शेजारच्या सोपानरावांच्या गोठ्यात. काळेवाडीतून कुणी भेटायला आलं की मी चहाच्या आधी त्यांना कोपऱ्यातली बॅटरीची पेटी दाखवायचो. बोटानं ठोकून म्हणायचो, ह्याला म्हणतात एक्सपोर्ट पॅकिंग. बाहेर समुद्र असला तरी आत वाळवंट पाहिजे.

तुला ही वाक्यं पाठ असतील. चाकणच्या कंपनीत माझा सगळा जन्म पॅकिंगला गेला. जहाजानं जर्मनीला जाणारे गिअर निळ्या पिशवीत घालायचे, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या, हवा ओढून घ्यायची आणि लाकडी पेटी अशी बंद करायची की मुंगी शिरणार नाही. माझ्या हातचा माल गंजून परत आला नाही. म्हणून बॅटरीची पेटीही मी तशीच बंद केली. वैशाख पौर्णिमेला सगळे खोलीवर जमले तेव्हा ती बघून तू म्हणालीस, पप्पा, चार्ज होताना हिच्यातून वायू निघतो, ही गरम होते, हिला हवा लागते. आणि मी तुझ्या सासूबाईंसमोर म्हणालो, मग तिला एक नाक काढून दे, आणि सर्दी झाली तर बामही लाव! सगळे हसले. तुझ्या सासूबाईही हसल्या. तू हसली नाहीस. मग मी वर आणखी बोललो, की डिप्लोमा तुझा असेल, पण पॅकिंग मला शिकवायचं नाही. पॅनल तूच बसवलेस, वायरिंग तुझं, चार्जिंगचा कंट्रोलर पेटीबाहेर भिंतीवर तूच लावलास, हे त्या वेळी मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर तू आली नाहीस. आईकडून तुझी खुशाली कळत होती. मीही माझ्या तोऱ्यात होतो. पावसाआधी सोपानरावांनी गोठ्यासाठी सोलर घेतलं आणि मला म्हणाले, भीमराजभाऊ, तुमच्यावानी पेटी करून द्या की राव. मला एवढा आनंद झाला! दोन दिवस खपून मी त्यांची पेटी बांधली. आपल्यापेक्षा सरस. कंट्रोलर बाहेर भिजेल म्हणून तोही आत घेतला. ती माझी सुधारणा.

ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी ती पेटी फुटली. आम्हाला वाटलं, वस्तीवरच्या पोरांनी दिवाळीआधीच सुतळी बॉम्ब लावला. झाकण उडून गव्हाणीत पडलं होतं. सोपानरावांची बायको, शालनबाई, शेजारीच शेण भरत होत्या, त्यांच्या हातावर ॲसिड उडालं. बाई खमकी. ओरडत बसल्या नाहीत, सरळ जनावरांच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून बसून राहिल्या. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यानं वाचवलं, हात बरा होईल, डाग मात्र राहतील.

मैत्री, इथपर्यंतचं तुला आईनं सांगितलं असेल. पुढचं तिला पूर्ण माहीत नाही. त्या संध्याकाळी सोपानराव आले आणि म्हणाले, भाऊ, तुमचं आन् माझं पॅकिंग येकच. तुमची बॅटरी शाबूत हाय, माझी फुटली. मंजी दुकानदारानं मालच खोटा दिला. रविवारी चला, त्याला जाब इचारू, तुमी साक्षीला. मी म्हणालो, तसंच असणार. तुझं बोलणं तेव्हाच माझ्या कानात वाजलं होतं. पण आपली पेटी धडधाकट समोर दिसत होती ना. तिच्यावर हात ठेवूनच मी तसंच असणार म्हणालो.

दुकानदाराला दाखवायला आपल्या पेटीचे फोटो काढावेत म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती भिंतीपासून ओढली. मागच्या फळीला वर आणि खाली गोल भोकं. कडा कानशीनं घासलेल्या, आतून बारीक जाळी, बाहेर खाली वाकलेला पाइपचा तुकडा, म्हणजे ओल शिरणार नाही आणि पालही जाणार नाही. माझी निळी पिशवी तेवढ्यापुरती कापून कडेनं नीट चिकटवलेली. तसं काम आमच्या लाइनवर असतं तर मी त्या माणसाच्या पाठीवर थाप दिली असती. आपल्या पेटीतला वायू इथून जात होता, सोपानरावांच्या पेटीत तो कोंडला आणि मी आत घेतलेल्या कंट्रोलरची एक ठिणगी त्याला पुरली. आई भाकरी थापत होती. वळूनही न बघता म्हणाली, सापडलं का नाक?

पौर्णिमेला जेवणानंतर तिनं मला सोपानरावांकडे ताक आणायला पाठवलं होतं आणि तिथे मी तासभर गप्पा ठोकत बसलो होतो. तेवढ्यात तुम्ही दोघींनी हे केलंत. मी चिडून विचारलं, मग मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, पोरीनंच शपथ घातली. म्हणाली, पप्पांना कळू देऊ नको, रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच आहे.

शालनबाईंचा हात बघूनही मला एवढं मेल्यासारखं झालं नव्हतं, हे लिहायलाही लाज वाटते.

तरीही रविवारी मी सोपानरावांच्या मोटरसायकलवर मागे बसून तळेगावला गेलो. वाटेत सांगू, वाटेत सांगू असं करत दुकान आलं. सोपानरावांनी दुकानदाराला फैलावर घेतलं, त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं शांतपणे विचारलं, पेटीला हवा जायला जागा ठेवली होती का? सोपानराव माझ्याकडे बोट करून अभिमानानं म्हणाले, जागा? आमच्या भाऊंचं काम हाय, मुंगी जाणार न्हाई! दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

परत आल्यावर मी सोपानरावांना घरी जाऊ दिलं नाही. खोलीत आणलं, पेटी ओढली आणि तुझी भोकं दाखवली. सगळं सांगितलं, तुझं बोलणं, माझं हसणं, तसंच असणार म्हणालो तेसुद्धा. ते उकिडवे बसून पाइपवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, पोरीनं सांगितलं हुतं, आन् तुमी माझी पेटी बुजवली? ते उठून गेले. चार दिवस दूध आलं नाही. काल शालनबाई स्वतः आल्या, पट्टी बांधलेला हात पदराखाली धरून. आईशी बोलल्या, माझ्याकडे बघितलं नाही. जाताना उंबऱ्यातून म्हणाल्या, हे दुकानदाराची माफी मागून नवी बॅटरी घिऊन आल्यात. पेटीला भोकं पाडायला मैत्रीला बोलवा. तुमी मातर हात लावायचा न्हाई.

म्हणून हे पत्र. त्यांनी सांगितलं म्हणून लिहितोय, असं म्हणून सुटता आलं असतं, पण ते खरं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तर मला लिहायचा धीर झाला नसता, एवढंच. तू ये. गोठ्यातल्या पेटीची भोकं तुला हवी तिथे पाड, ड्रिल तू धर, सांगशील तेव्हा मी टॉर्च दाखवीन, पेटीला हात लावणार नाही. मग आपल्या पेटीकडे ये. ती मी अजून भिंतीला परत लावलेली नाही, मागची बाजू पुढे करून ठेवली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्यांदा दिसते आणि प्रत्येकाला मी सांगतो की हे माझ्या मुलीचं काम. येताना तुझ्या सासूबाईंना नक्की आण. त्या दिवशी मी त्यांना तुझ्यावर हसवलं होतं, आता हे त्यांच्यासमोरच सांगायचं आहे.

तुझाच,
पप्पा